कोनाड्यातलं भाडं

कोल्हापुरात त्या काळी खोली भाड्यानं मिळत नसे. रिकाम्या खोल्या पुष्कळ होत्या, लोक भाडंही घेत होते, पण खोली भाड्यानं मिळत नसे. हे ज्याला कळलं त्याला कोल्हापूर कळलं. मला कळायला सव्वा महिना लागला आणि तेवढ्या मुदतीत माझं वजन वाढलं.

तेव्हा महाराजांचं राज्य होतं. कुणब्यांच्या पोरांना कचेरीत घ्यायला नुकती सुरुवात झाली होती. मी कुरुंदवाडकडचा, चार बुकं शिकलेला, अक्षर वळणदार, म्हणून मला कागदांच्या नकला करायला बसवलं. थोरल्या भावाला ही नोकरी मुळीच पसंत नव्हती. त्याच्या मते बसून पैसे मिळवणं हे एक तर सावकारानं करावं नाहीतर लंगड्यानं. त्यानं मला मुदत घालून दिली. दिवाळीपर्यंत कोल्हापुरात बिऱ्हाड झालं तर बायकोला घेऊन जा, नाहीतर नोकरीला रामराम ठोकून घरी ये, उसाला माणूस कमी आहे.

बायकोची अट त्याहून लहान आणि त्याहून अवघड होती. आमच्या घरात पाच बायका आणि चूल एक. मिठाची बरणी थोरल्या वहिनींच्या ताब्यात. माझ्या बायकोनं एकदा आमटीत आपल्या मनानं मीठ टाकलं, ते जरा जास्त झालं आणि त्यावरून तिला भर पंगतीत ऐकून घ्यावं लागलं. मी तिथंच जेवत होतो आणि मान खाली घालून जेवत राहिलो. ती गोष्ट मला अजून टोचते. मी निघालो तेव्हा ती परसदारी येऊन म्हणाली, "मला राजवाडा नको. एक चूल पायजे. तिच्यावर मीठ मी टाकीन, आन् कमी का जास्त ते मला कुणी सांगू नये."

एवढंच घेऊन मी कोल्हापुरात आलो आणि मंगळवार पेठेतल्या एका तालमीत पथारी टाकली. पहाटे पैलवान यायच्या आत ती गुंडाळावी लागे. एकदा मला जाग आली नाही, तर त्यांनी न उठवता माझ्या दोन्ही बाजूंनी जोर काढायला सुरुवात केली. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती.

कचेरी सुटली की मी दारोदार हिंडत असे. सोपा, म्हणजे पुढची ओसरी, झाडलेला, माडी बंद, खिडकीवर कोळिष्टकं, असं घर दिसलं की दार वाजवून विचारायचं, खोली भाड्यानं द्यायची आहे का. घरधन्याचा चेहरा असा व्हायचा की जणू मी त्याची बायकोच मागितली. एका म्हाताऱ्यानं मला साफ विचारलं, "आमी काय खाणावळ काढलिया व्हय?" आणि पुढच्याच दमाला, "जेवलासा का?" नाही म्हणायची सोय नव्हती. भाकरी, पिठलं, वर ताकाचा तांब्या. पेठेत मी अकरा घरी जेवलो आणि एकाही घरी मला खोली मिळाली नाही. परक्याला जेवू घालणं ही अब्रू आणि त्याच्याकडून भाडं घेणं ही बेअब्रू, असा इथला हिशेब होता. घरात पोटाला कमी पडतंय म्हणून माडी दिली, असं भावकी म्हणेल, ही धास्ती.

ही गाठ सोडवणारा माणूस तालमीतच मला भेटला. तालमीच्या हौदात पाणी घालायला रोज एक पखालवाले चाचा यायचे. पांढरी दाढी, कमरेला ओलं फडकं, आणि मागं रेडा, त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना फुगलेली चामड्याची पखाल. महिनाभर त्यांनी मला पाहिलं होतं. एके दिवशी पखालीचं तोंड सोडता सोडता त्यांनी विचारलं, "पावणं, खोली बगतासा न्हवं? पखाली किती लागत्याल?"

मला वाटलं, चाचांचे कान गेलेत. मी खोलीबद्दल सांगू लागलो, दोन माणसांना पुरेल, चूल मांडता येईल. त्यांनी ते ऐकूनही घेतलं नाही. खोलीचं मी बघतो, म्हणाले, तुम्ही पाण्याचं बोला.

त्यांची विद्या अशी होती. पिण्याचं पाणी बायका हौदावरून आणत, पण अंघोळी, जनावरं, सडासारवण यांना पखाल लागे. चाचा अर्ध्या पेठेला पाणी घालत. एखाद्या घरी रोज तीन पखाली जात आणि एकदम दोनवर आल्या, की चाचांना कळे, लेक सासरी गेली नाहीतर मुलगा लष्करात भरती झाला. एक पखाल कमी झाली म्हणजे एक खोली रिकामी झाली. माणसं मोजणाऱ्या खानेसुमारीवाल्यांना जे पत्ते लागत नसत ते चाचांच्या रेड्याला ठाऊक होते. रिकामी खोली दिसली की चाचा तिथं माणूस नेऊन बसवत. त्याबद्दल ते घरवाल्याकडून काही घेत नसत, माणसाकडून काही घेत नसत. फक्त त्या माणसानं तिथं राहील तोवर पाणी चाचांचंच घ्यायचं. "फुकाट काम हाय बगा," ते छातीवर हात ठेवून सांगत. तेव्हा मला ते साधुपुरुष वाटले. पुढं कळलं की पेठेतल्या ज्या घरांना परसात विहीर होती, तिथल्या चांगल्या उजेडाच्या खोल्या चाचांनी कधी कुणाला दाखवल्याच नाहीत. विहिरीचं घर त्यांच्या हिशेबी घरच नव्हतं.

त्यांनी मला तीन खोल्या दाखवल्या. पहिलीत दिवसा दिवा लागे, तिला ते थंड खोली म्हणाले. दुसरी गोठ्यावर होती, खालून म्हशींचा सगळा संसार वर येत होता. ती दुधाच्या सोयीची. माझा चेहरा पुरता पडल्यावर त्यांनी तिसरी दाखवली. कौलातून दोन ठिकाणी आभाळ दिसत होतं, म्हणजे वारं खेळतं. पण भिंत कोरडी होती आणि कोपऱ्यात चुलीपुरती मोकळी जागा होती. आधीच्या दोन पाहिल्यावर मला ती महालच वाटली. त्या दोन त्यासाठीच दाखवल्या होत्या, हे समजायला मी अजून कोवळा होतो.

मग चाचांनी मला खालच्या पायरीवर बसवून नियम सांगितले. या घरात भाडं हा शब्द काढायचा नाही. घरधनी म्हणजे आबा, त्यांची बायको म्हणजे काकी. मी कोण, तर त्यांच्या भावकीतला पुतण्या. आबांच्या पणज्याचा भाऊ भांडून कृष्णाकाठी निघून गेला होता, त्याचं पुढं काय झालं कुणाला माहीत नव्हतं. चाचांनी ते झाड माझ्यापर्यंत आणून टेकवलं. मराठ्यांच्या घरांतल्या चार-चार पिढ्या त्यांना तोंडपाठ होत्या, आणि कुठली फांदी वाळली आहे, तिथं कलम कुठं बसेल, हेही. "देवक इचारलं तर पंचपल्लव म्हणायचं," त्यांनी बजावलं. देवक म्हणजे लग्नात पुजायची कुळाची खूण. आमचं खरं देवक कळंब. पण देवकानं खोली मिळत असेल तर माझी हरकत नव्हती.

भाडं द्यायची रीत अशी. दर अमावास्येला देवघराशेजारच्या कोनाड्यात ठरलेली रक्कम फडक्यात बांधून ठेवायची आणि बाहेर जायचं. परत यायच्या आत फडकं रिकामं होऊन वाळत पडलेलं असे. कोण नेतं हे मी कधी पाहिलं नाही. एकदा चार आणे कमी ठेवले, तर काकी दिवसभर देव रुसल्याचं बोलत होत्या.

श्रावणात मी राहायला गेलो आणि पुतण्या होणं म्हणजे काय ते कळू लागलं. भाडेकरूनं भाडं दिलं की तो सुटतो, पुतण्या सुटत नाही. भावकीत बारसं निघालं की मांडव घालायला पुतण्या. भांगलण निघाली की शेतावर पुतण्या. आणि भावकी तर माणसं मरण्यात मोठी हौशी. दोन महिन्यांत तीन म्हातारे गेले. ज्यांचं तोंड मी जन्मात पाहिलं नव्हतं त्यांना मी खांदा दिला आणि दहा-दहा दिवस सुतक धरलं. केस पुरते उगवायच्या आत पुन्हा डोकं भादरावं लागे. कचेरीत आमचे मुख्य कारकून मला बघून हळहळू लागले, म्हणाले, तुमच्या घराला काही तरी दोष आहे, शांत करून घ्या. मी म्हटलं, घराला दोष नाही, खोलीला भावकी जास्त आहे. त्यांना अर्थातच काही कळलं नाही.

हे सगळं मी सोसलं ते त्या कोपऱ्यातल्या जागेसाठी. नवरात्रात मी स्वतः मळलेल्या मातीची चूल घातली. तिला वैल, म्हणजे शेजारचं धाकटं तोंडही काढलं. सारवून ठेवली, आणि रोज कचेरीतून आलो की तिच्यासमोर थोडा वेळ बसत असे. अजून ती पेटली नव्हती, पेटवायचा मान बायकोचा होता. ती तिथं बसलेली मला दिसायची आणि तिची फार आठवण यायची.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली. मी काकींना सांगितलं, बायकोला आणतो. काकींना मूलबाळ नव्हतं, त्यांना मनापासून आनंद झाला. शेजारी राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई तेव्हा सुपात तांदूळ घेऊन तिथंच बसल्या होत्या. सून कुठल्या गावची, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. देवक कुठलं माहेरचं? मी अभिमानानं खरं तेच सांगितलं, पंचपल्लव.

सूप थांबलं. एका देवकात लग्न होत नाही. बाई बहीण लागते. आणि मी तर दोन महिने पंचपल्लवाचा पुतण्या म्हणून पेठेत टक्कल मिरवत होतो. काकींनी तोंडाला पदर लावला. त्याच काकी, ज्या दर अमावास्येला कोनाडा झाडून घेत. गोष्ट इतके दिवस चालली होती की ती गोष्ट आहे हे त्या विसरल्या होत्या. खरं सांगतो, मीही विसरलो होतो. माझे कान तापले आणि क्षणभर मला वाटलं, हे आपण काय करून बसलो.

दिवेलागणीच्या आत भावकीला बातमी लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात बैठक बसली. पटके बांधलेले सातजण, मध्ये आबा, त्यांच्याशेजारी मी. एक म्हणाला, पोराला घराबाहेर काढा. दुसरा म्हणाला, पोराला काढून काय होतंय, कुळाला डाग लागला तो लागला. माझ्या डोळ्यांपुढं ती न पेटलेली चूल आली आणि उसाचा फड आला. मी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकणार होतो, की मी तुमचा कुणी नाही, मी भाडं देतो. पण आबांनी माझा गुडघा असा दाबला की मी कळवळलो. आबांना खरं माहीत होतं. आणि त्या सातजणांकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं की त्यांनाही माहीत होतं, कारण सातांपैकी निदान चौघांच्या माडीवर माझ्यासारखेच कृष्णाकाठचे, दूधगंगाकाठचे पुतणे राहत होते. एकाचा शब्द सुटला असता तर सगळ्यांचे कोनाडे उघडे पडले असते. म्हणून सगळे मिळून माझ्या लग्नावर चिडले होते. आजार रेड्याला आणि डाग पखालीला, म्हणतात ते हेच.

तेवढ्यात खरोखरीचा रेडा अंगणात आला. आबांनी चाचांना हाक मारली आणि त्यांच्यावरच डाफरले, हा कसला पुतण्या आणलास म्हणून. चाचांनी आधी पखाल रिकामी केली. पाणी संपल्यावर हात पुसत म्हणाले, "पोरगी पंचपल्लवाची हाय न्हवं? मग ती तुमच्या भावकीची लेक. आन् ह्यो जावई. म्या कवा म्हटलं पुतण्या हाय म्हणून?"

सोप्यातली हवा एकदम सैल झाली. पटकेवाल्यांनी माना डोलवल्या. एकानं तर आपल्याला पहिल्यापासून जावयासारखाच वाटत होता असं सांगितलं. मी तिघांचं सुतक पाळलं होतं ते हिशेबात कुठं घालायचं, हे कुणी विचारलं नाही. बैठक गुळाच्या चहावर संपली. मला फक्त एक शंका होती, ती मी आबांना बाजूला घेऊन विचारली. जावयाकडून आता ते कसं काय घेणार? आबा दुखावले. जावयाचं घेणं म्हणजे पाप, म्हणाले. पण कोनाड्यात देवाचं म्हणून कुणी काही ठेवलं तर त्याला आपण कोण आडवे येणार?

धनत्रयोदशीला मी बैलगाडीनं बायकोला घेऊन आलो. गाडीत मी तिला सगळं सांगितलं. ती हसून हसून दमली. घरजावई झालात की, म्हणाली. काकींनी दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, हाताला धरून आत नेलं, पोटच्या लेकीसारखं जवळ घेतलं. बायकोनं माडीवर येऊन चूल पाहिली. खाली बसून तिच्यावरून हात फिरवला. मग ती खाली विस्तव आणायला गेली, कारण नव्या चुलीला शेजारच्या चुलीतला विस्तव आणायची रीत होती.

ती रिकाम्या हातानं परत आली. काकींनी तिला सांगितलं होतं, "लेक माहेरात येगळी चूल मांडती व्हय, बाय? लोक काय म्हणतील?" सुनेला वेगळं राहता येतं, भाडेकरणीला राहता येतं, माहेरी आलेल्या लेकीनं आईच्या चुलीवरचं खायचं. चाचांनी मला वाचवलं होतं आणि तिची चूल बुडवली होती. कुरुंदवाडात निदान मिठाची बरणी तरी दिसायची. इथं काकी प्रेमानं तिला स्वयंपाकघरात पाऊलच टाकू देत नव्हत्या.

तीन दिवस ती काकींच्या हातचं जेवली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती चुलीशेजारी बसून वाती वळत होती. मी तिला समजावलं, थोडं थांबू, काही मार्ग काढू. आवाज माझाच, पण मान पुन्हा तशीच खाली होती, हे मला बोलता बोलताच कळलं.

पाडवा म्हणजे अमावास्येनंतरचा पहिला दिवस. कोनाड्यात मी आदल्या दिवशी काही ठेवलं नव्हतं, सणाच्या गडबडीत राहून गेलं होतं. सकाळी आबांच्या अंगणात सगळी भावकी जमली होती. ते सातही पटकेवाले होते, जाऊबाई होत्या, फराळाची ताटं फिरत होती. चाचा सणाची जादा पखाल घेऊन आले होते. बायकोनं माझ्याकडून पैसे मागून घेतले. मला वाटलं, ती कोनाड्यात ठेवायला चालली आहे. ती कोनाड्यावरून पुढं गेली, अंगणात गेली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि तळहात उघडून आबांपुढं धरला.

"आबा, हे ह्या महिन्याचं भाडं," ती म्हणाली. "आन् आज माझी चूल पेटणार हाय."

तिचा आवाज मोठा नव्हता, पण अंगणातल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. कुणीतरी चकली तोंडात घातली होती, ती चावायची राहिली. पटकेवाले आभाळाकडं बघू लागले. चाचांनी पखालीचं तोंड आवळलं आणि रेड्याला, मला वाटतं, काही तरी सांत्वनाचं बोलले. आबांचा हात पुढं येईना आणि मागंही जाईना. ते पैसे तिच्या तळहातावर तसेच उन्हात चमकत राहिले. मी त्या वेळी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. जन्मात केलेल्या बऱ्या गोष्टी मोजायला बसलो तर ती एक नक्की धरीन.

काकी उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं, आता गाठोडं बांधायचं आणि उसाला जायचं. बायकोलाही तेच वाटलं असावं, पण हात तिनं खाली घेतला नाही.

काकी बाहेर आल्या त्या पदरानं हात झाकून. त्यांच्या हातात गोवरीचा तुकडा होता आणि त्यावर लाल विस्तव. एका हातानं त्यांनी भावकीदेखत पैसे उचलून कमरेला खोचले, दुसऱ्या हातातली गोवरी तिच्या पुढं केली. "जप, भाजंल," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

पुढं आठ दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. पण महिन्याभरात पेठेतल्या आणखी दोन माड्यांवरून धूर निघू लागला. चाचा मला भेटले की म्हणत, बाईनं धंदा बुडवला. आता माणसं थेट घरधन्याला विचारू लागली होती, आणि विहीर आहे का तेही विचारत होती.

पाडव्याच्या त्या दुपारी आमच्या चुलीवर पहिली आमटी झाली. मीठ जास्त झालं होतं. मी दोनदा मागून घेतली.